धाप लागते, ती कोणाला दाखवावी?

बहुतेक दुखण्यांना जागा असते. पोट दुखले तर बोट ठेवून दाखवता येते. दात दुखला तर हात आपोआप गालाकडे जातो. धाप मात्र अशी दाखवता येत नाही. दवाखान्याच्या बाकावर बसून आपली पाळी येईपर्यंत ती पुष्कळदा ओसरलेली असते आणि डॉक्टरांपुढे उभा राहतो तो वरवर धडधाकट दिसणारा माणूस. मग छातीला नळी लावली जाते, ‘थोडा दमा दिसतो’ असे म्हटले जाते, पंप लिहून दिला जातो आणि रोगी घरी परततो. पंपाने गुण आला तर प्रश्नच मिटला. परंतु महिना जातो, दोन महिने जातात, तरी घरामागची घाटी चढताना छाती भरून येतेच. अशा वेळी घरात चर्चा सुरू होते की आता मोठ्या डॉक्टरांकडे जायला हवे. पण कोणत्या? छातीच्या की हृदयाच्या? गोमेकॉत जावे, म्हापशाला जावे, की उगीच वेळ न घालवता थेट बेळगाव-मुंबई गाठावी?

मी वैद्य नव्हे, शिक्षक आहे. औषध सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तसा मोहही नाही. तथापि पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत शिकवत असता विद्यार्थ्यांच्या आईवडिलांबरोबर आणि शेजाऱ्यांबरोबर इस्पितळांच्या बाकांवर बसण्याचे प्रसंग मजवर पुष्कळ आले. त्यातून, आणि नंतर जे वाचले त्यातून, एक गोष्ट मनात ठसली. योग्य तज्ज्ञ सापडणे हे त्याच्या दारावरच्या पाटीवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते रोग्याने आपली हकीकत काय सांगितली यावर अवलंबून असते. त्या हकीकतीविषयी आज थोडे सांगावयाचे आहे.

प्रथम ‘दमा’ या शब्दाविषयी. दमा हा एक खरा आणि ठराविक आजार आहे. श्वासनलिका सुजतात, आकुंचन पावतात, घरघर होते, औषधाने त्या मोकळ्या होतात, पुन्हा केव्हातरी आकुंचन पावतात. हे कमीजास्त होणे हेच दम्याचे मुख्य लक्षण. आपल्या बोलीत मात्र धाप लागणाऱ्या प्रत्येक माणसाला ‘त्याला दमा आहे’ असे म्हणण्याची रीत पडली आहे, आणि एकदा हे नाव चिकटले की पुढचा शोध थांबतो. वस्तुतः धाप हे नुसते लक्षण आहे. फुप्फुस बिघडले तरी धाप लागते, हृदयाची झडप आवळली तरी लागते, अंगात रक्त कमी झाले तरी लागते. शरीर जड झाले, गळ्याची गाठ वाढून श्वासनलिकेवर दाबू लागली, छातीचे स्नायू दुर्बळ झाले किंवा मनाला भीतीने घेरले, तरीही तक्रार एकच असते: दम लागतो. म्हणून ‘धापेचा तज्ज्ञ’ असा कोणी नसतो. कोणत्या इंद्रियाची धाप आहे याचा अदमास आधी घ्यावा लागतो, आणि मग त्या इंद्रियाचा तज्ज्ञ गाठावा लागतो.

हा अदमास घेण्याची सामग्री रोग्यापाशीच असते. धाप केव्हा लागते? चालताना की बसल्या जागी? आडवे झाल्यावर वाढते काय? दोन उशा घेतल्यावाचून झोप येत नाही आणि पाय सुजतात, असे कोणी सांगितले की डॉक्टरांचे लक्ष हृदयाकडे जाते. पहाटे तीन-चारला खोकल्याने जाग येते आणि छातीत शिट्टी वाजते, असे सांगितले तर ते श्वासनलिकांकडे वळते. महिन्यामहिन्याने चालण्याचे अंतर कमी होत गेले, खोकला कोरडा आहे, घरघर मुळीच नाही, असे असेल तर फुप्फुसाचा मूळ पदार्थच आत कडक होत चालला आहे की काय, ही शंका घ्यावी लागते. सुटीच्या दिवशी बरे वाटते आणि कामावर गेले की वाढते, हे एक वाक्य तर दहा तपासण्यांइतके मोलाचे. परंतु आपण ही वाक्ये बोलतच नाही. डॉक्टरांनी विचारले, ‘काय होते?’ की आपण उत्तर देतो, ‘काही बरे वाटत नाही.’

धाप किती लागते हेही सांगता आले पाहिजे. यासाठी वैद्यकात एक साधी मोजपट्टी आहे. १९४० च्या दशकात ब्रिटनमधील वेल्स प्रांतात कोळशाच्या खाणकामगारांच्या छातीचा अभ्यास करीत असता चार्ल्स फ्लेचर या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि आजही जगभर ती वापरली जाते. तिच्या पाच पायऱ्या आहेत. फार कष्टाचे काम केल्यावरच धाप लागणे ही पहिली. सपाटीवर घाईने चालताना किंवा लहान चढावर लागणे ही दुसरी. आपल्या वयाच्या माणसांबरोबर सपाटीवर चालता न येणे, मागे पडणे, ही तिसरी. शंभरएक पावलांनी थांबावे लागणे ही चौथी. आणि कपडे घालतानाही धाप लागून घराबाहेर न पडता येणे ही पाचवी. आपल्याकडे तर मोजायला पट्टीही नको. चॅपेलची चढण आहे, देवळाच्या पायऱ्या आहेत, विहिरीपासून घरापर्यंतची वाट आहे. गेल्या गणेश चतुर्थीला किंवा गेल्या नाताळला ही चढण एका दमात चढत होतो आणि आता दोनदा थांबतो, एवढे सांगितले तरी डॉक्टरांच्या हाती दिशा आणि वेग दोन्ही येतात.

आता मी या भाषणाच्या मुख्य भागाकडे येतो. तो आहे धंद्याविषयी. १७०० साली इटलीतील बेर्नार्दिनो रामात्सिनी या वैद्याने कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पूर्वापार वैद्य रोग्याला जे प्रश्न विचारीत आले, त्यांत ‘तुझा धंदा कोणता?’ या प्रश्नाची भर घालावी, असा त्याचा आग्रह होता. तीनशेहून अधिक वर्षे लोटली. गर्दीच्या दवाखान्यात हा प्रश्न अजूनही राहून जातो. आणि जरी विचारला, तरी तो ‘काय करता?’ असा वर्तमानकाळात विचारला जातो. डिचोली तालुक्यात तो भूतकाळात विचारला पाहिजे.

याचे कारण उघड आहे. डिचोली, शिरगाव, मये, साखळी, पाळी, वेळगे या भागांत खनिज लोखंडाच्या खाणींनी कित्येक दशके माणसे पोसली. या शतकाच्या पहिल्या दशकात चीनकडून मागणी वाढली तेव्हा तर ट्रकांच्या रांगा संपत नसत आणि रस्त्याकडेच्या झाडांची पाने मूळची हिरवी होती हे पाऊस पडल्यावरच आठवत असे. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. पुढे काही काळ चालू होऊन सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर त्या पुन्हा थांबल्या. नवे लिलाव झाल्यावर २०२४ मध्ये डिचोलीच्याच एका खाणपट्ट्यापासून उत्खननास पुन्हा आरंभ झाला. या उलथापालथीत माणसांचे धंदे बदलले. जो छिद्रकामाच्या यंत्रावर होता तो आज भाजी विकतो, जो क्रशरवर होता तो रखवालदार झाला. डॉक्टर विचारतात, ‘काय करता?’ तो म्हणतो, ‘दुकानावर बसतो.’ आणि वीस वर्षांची धूळ त्या एका उत्तरात लपून जाते.

येथे थोडे स्पष्ट बोलले पाहिजे, कारण धुळीविषयी अतिशयोक्तीही फार होते. डोळ्यांना दिसणारी सारीच लाल धूळ फुप्फुस खाते असे नव्हे. मोठे कण नाकातोंडात अडकतात, शिंका येतात, घसा खवखवतो, आणि ज्याला मुळातला दमा आहे त्याचा तो बळावतो. निव्वळ लोहाची धूळ फुप्फुसात साठली तर एक्स-रेवर ठिपके दिसतात खरे, पण त्याने धाप फारशी लागत नाही. घातक असते ती सिलिका. गारेच्या दगडात, वाळूत, कठीण खडकात ती असते. खडक फोडताना, छिद्र पाडताना, खडी करताना तिचे जे कण उडतात त्यांतले सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. ते थेट फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात आणि तेथे हळूहळू व्रण धरतो. या विकाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बहुधा दहा-वीस वर्षांनी उघड होतो, आणि याहून वाईट म्हणजे काम सुटल्यानंतरही तो पुढे सरकू शकतो. म्हणून खाण सोडून बारा वर्षे झाली, आता तिचा काय संबंध, असे म्हणण्यात अर्थ नाही. हे केवळ खाणीपुरतेच नाही. खडीच्या क्रशरवर, दगड कापण्याच्या व फरशी घासण्याच्या कामावर, मोठ्या बांधकामावर ज्यांची वर्षे गेली त्यांनाही हे लागू आहे. पेडण्यात मोपाच्या विमानतळाच्या आणि रुंद रस्त्यांच्या कामांवर माणसे राबली. त्यांच्यापैकी ज्यांनी खडक फोडण्याचे किंवा कापण्याचे काम केले, त्यांनी ते विसरू नये.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची गोष्ट सांगतो. डिचोली तालुक्यातले गृहस्थ. वय पन्नाशीच्या आतबाहेर. दोन वर्षे धाप लागत होती. एका खासगी दवाखान्यात एक्स-रे काढला, त्यावर वरच्या बाजूस ठिपके दिसले, आणि थुंकीची तपासणी न करताच क्षयाची औषधे सुरू झाली. सहा महिने गोळ्या घेतल्या. वजन वाढले नाही, धापही कमी झाली नाही; भर पडली ती एवढीच की शेजाऱ्यांनी मुलांना त्यांच्या घरी पाठवणे बंद केले. पुढे मी त्यांच्याबरोबर बांबोळीला गेलो. तेथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडावर धरला, थोडा वेळ पाहिला आणि विचारले, ‘काका, पूर्वी तुम्ही काय काम करत होता?’

‘खाणीवर होतो, डॉक्टर. सोळा वर्षे क्रशरवर. पण ते सुटून पुष्कळ दिवस झाले. ते आता कशाला?’

त्या उत्तरावर डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि पुढची दहा मिनिटे त्या केवळ त्या सोळा वर्षांविषयीच विचारत राहिल्या. क्रशरवर पाणी मारत होते काय, तोंडाला काय बांधत होता, बरोबरच्या कोणाला असा त्रास आहे काय. नंतर छातीचे स्कॅन झाले, फुंकण्याची तपासणी झाली, आणि रोगाला त्याचे नाव मिळाले. सिलिकोसिस बरा करणारे औषध नाही, हे त्यांनी लपवले नाही. मग नाव मिळून उपयोग काय, असे कोणी विचारील. उपयोग असा की नको ती औषधे थांबली; धुळीचे काम पुन्हा धरायचे नाही हे ठरले; आणि सिलिकोसिस झालेल्यास खरोखरीचा क्षय जडण्याचा धोका इतरांहून पुष्कळ अधिक असतो, म्हणून त्यावर नीट नजर ठेवली जाऊ लागली. शिवाय हा व्यवसायजन्य रोग आहे. १९५२ च्या खाण कायद्याखाली तो सरकारला कळवण्याच्या रोगांत गणला गेला आणि २०२० च्या नव्या कामगार संहितेतही तशा रोगांच्या यादीत तो आहे. कामगाराच्या नुकसानभरपाईचा विचार अशा निदानावरच उभा राहतो. ‘जुना दमा’ असे लिहिलेल्या कागदावर तो उभा राहत नाही. म्हणून जुने ओळखपत्र, पगाराची पावती, खाणीवर असता झालेल्या वैद्यकीय तपासणीचा कागद, जे जे ट्रंकेत असेल ते काढून फायलीत ठेवावे.

क्षयाचा उल्लेख आला म्हणून सांगतो. क्षय आपल्याकडे अजून भरपूर आहे आणि तो शंकेस्तव तपासलाच पाहिजे. आक्षेप आहे तो नुसत्या एक्स-रेवरून अंदाजाने औषध देण्याला. थुंकीतील जंतूंचा अंश काही तासांत ओळखणारी तपासणी सरकारी केंद्रांतून विनामूल्य होते. त्यासाठीचे ट्रूनॅट हे यंत्र तर गोव्यातल्याच वेर्णे येथील मोलबायो कंपनीचे, आणि २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. आपल्या अंगणातले हे यंत्र परदेशांत वापरले जावे आणि आपण मात्र अंदाजावर गोळ्या खाव्यात, हे काही बरे नव्हे.

धूळ जशी पुरुषांच्या हकीकतीतून निसटते, तसा धूर स्त्रियांच्या हकीकतीतून निसटतो. ‘विडी ओढता काय?’ या प्रश्नाला आजी ‘नाही’ म्हणतात, ते खरेच असते. परंतु चाळीस वर्षे चुलीपुढे बसून ओली लाकडे फुंकली, पावसाळ्यात भात उकडला, हंगामात काजू भाजले, हे कोणी विचारत नाही आणि त्या सांगत नाहीत. विडी न ओढताही केवळ चुलीच्या धुराने श्वासनलिका कायमच्या अरुंद होऊ शकतात. पावसाळ्यात भिंतींवर चढणारी बुरशी, ओलसर गवताची गंजी, माळ्यावरची कबुतरे, यांच्या सूक्ष्म कणांनीही काहींच्या फुप्फुसाला सूज येऊन ते कडक होत जाते. भारतातील २७ केंद्रांमधील अशा कडक होणाऱ्या फुप्फुसाच्या १,०८४ रुग्णांची पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांत जवळजवळ निम्म्यांना हा श्वासावाटे आलेल्या कणांचाच विकार होता. कारण सापडून ते दूर केले तर यांतल्या काहींचे फुप्फुस सुधारते. तेव्हा घरात कबुतरे आहेत काय हा डॉक्टरांचा प्रश्न ऐकून हसू नये.

स्त्रियांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी फार चुकतात. एक रक्तक्षय. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की रक्त कमी आहे असे समजतात. ते सात-आठवर उतरले की पायऱ्या चढताना धाप लागणारच, आणि तिला पंपाचा उपयोग शून्य. दुसरी गोष्ट हृदयाच्या झडपेची. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, घरचे ती गोष्ट विसरून जातात. पण त्या तापाने हृदयाच्या झडपेवर व्रण राहतो आणि पंधरा-वीस वर्षांनी झडप आवळते. पेडणे तालुक्यातील माझ्या ओळखीच्या एका बाईंना तीन वर्षे दमा म्हणून पंप चालू होता. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी धाप इतकी वाढली की रात्री त्या बसून काढू लागल्या. आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी हृदयाचा आवाज लक्ष देऊन ऐकला आणि इको करून घ्यायला लावला, तेव्हा डाव्या बाजूची झडप आवळलेली निघाली. अशी झडप फुग्याच्या साहाय्याने, छाती न उघडता, सैल करण्याची रीत जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८० च्या दशकात प्रचारात आणली. आज ती नित्याची झाली आहे. त्या बाईंना छातीच्या तज्ज्ञाकडून दुसऱ्या छातीच्या तज्ज्ञाकडे पाठवून काहीही साधले नसते.

रात्रीचा खोकला आणि घरघर यांचे आणखी एक कारण आपल्या उष्ण देशांत आहे, ते हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींचे. त्यांच्याविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया फुप्फुसात उमटते आणि ती हुबेहूब दम्यासारखी दिसते. भारतातील अशा रोग्यांचे वर्णन १९४३ साली वाइनगार्टन यांनी केले. रक्तातील इओसिनोफिल नावाच्या पेशी, ज्या एरवी घनमिलिमीटरला पाचशेच्या आत असतात, त्या यात तीन हजारांच्या वर जातात. म्हणजे एका साध्या रक्ततपासणीने संशय येतो, सुमारे तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुधा आराम पडतो, आणि दुर्लक्ष केले तर फुप्फुसाची कायमची हानी होऊ शकते.

एवढे ऐकल्यावर श्रोत्यांच्या ध्यानात आले असेल की पहिल्या फेरीच्या तपासण्या फार मोठ्या नाहीत. छातीचा एक्स-रे, हृदयाचा आलेख म्हणजे ईसीजी, रक्ताची संपूर्ण मोजणी, आणि बोटाला चिमटा लावून होणारी प्राणवायूची मोजणी. पेडणेकरांना तुये किंवा कासारवर्णे, डिचोलीकरांना डिचोली, मये किंवा साखळी येथील आरोग्य केंद्रापासून याचा आरंभ करता येतो, आणि तेथे जे होत नाही ते म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात होते. थेट बड्या तज्ज्ञाकडे धाव घेणाऱ्यालाही तो प्रथम याच तपासण्या सांगतो. मग त्या घराजवळ करून नेलेल्या काय वाईट?

यानंतरची महत्त्वाची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. नळीतून जोराने फुंकावयाचे आणि फुप्फुसातून किती हवा किती वेगाने बाहेर पडते हे मोजावयाचे. १८४६ साली जॉन हचिन्सन या इंग्रज वैद्याने हे यंत्र पुढे आणले आणि दोन हजारांहून अधिक माणसांना त्यात फुंकायला लावले. पंपाचे औषध देण्यापूर्वी एकदा आणि दिल्यानंतर एकदा फुंकले म्हणजे श्वासनलिका मोकळ्या होतात की नाही हे आकड्यांत कळते. माझे असे स्पष्ट मत आहे की ज्याला वर्षभर पंप चालू आहे आणि ज्याची फुंकण्याची तपासणी एकदाही झालेली नाही, त्याने दुसरा तज्ज्ञ शोधण्यापूर्वी ही तपासणी मागून घ्यावी. ती निर्दोष आली म्हणून दमा नाहीच असे मात्र सिद्ध होत नाही, कारण बऱ्या दिवशी दमेकऱ्याचाही श्वास मोकळा असतो. त्रास असता ती पुन्हा करावी लागते.

आता तज्ज्ञ. फुंकण्यात किंवा एक्स-रेत दोष दिसला, धुळीची किंवा धुराची हकीकत असली, तर श्वसनरोगतज्ज्ञ. पाय सुजणे, छातीत धडधड, आडवे होता न येणे, आलेखात बदल, यांपैकी काही असेल तर हृदयरोगतज्ज्ञ आणि इको. श्वास घेताना गळ्यापाशी आवाज होतो, आवाज बदलला आहे, गळ्याला गाठ आहे, अशा वेळी कान-नाक-घशाचे डॉक्टर. आडवे झाल्यावर धाप लागते आणि हृदय मात्र ठीक आहे, शिवाय हातापायांची शक्ती कमी होत आहे, तर मज्जातंतूंच्या तज्ज्ञाला दाखवावे लागते, हे फार थोड्यांना सुचते. आणि ज्यांना स्वतःलाच काही ठरवता येत नाही, अशांनी सामान्य रोगतज्ज्ञ फिजिशियनकडे जावे. हल्ली या डॉक्टरांना लोक कमी लेखतात, हे मला समजत नाही. कोणत्या दारावर थाप मारायची हे ठरवण्याचे शिक्षण त्यांनाच तर मिळालेले असते. बांबोळीचे गोमेकॉ, ज्याचे मूळ १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकशाळेत आहे, तेथे हे बहुतेक विभाग एकाच आवारात मिळतात. दोडामार्ग-सावंतवाडीकडची माणसे त्यासाठीच सीमा ओलांडून तेथे येतात. एका विभागाने दुसऱ्याकडे धाडले तर ‘टोलवाटोलवी करतात’ असे न म्हणता चिठ्ठी घेऊन जावे. पुष्कळदा त्या चिठ्ठीतच निदानाची वाट असते.

कधी सर्व अहवाल निर्दोष येतात आणि धाप तशीच राहते. मग कोणीतरी म्हणते, ‘हे मनाचे आहे.’ भीतीने व चिंतेने श्वास वेडावाकडा होतो हे खरे आहे; तो त्रास खरा असतो आणि त्यावर उपचारही असतात, त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु हे निदान सर्वांत शेवटी व्हावयाचे आहे, पहिल्याच भेटीत नव्हे. फुप्फुसातून रक्तात प्राणवायू किती उतरतो याची तपासणी, फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील दाब, चालवून केलेली प्राणवायूची मोजणी, स्वरयंत्राची हालचाल, हे सारे पाहून झाले काय, असे नम्रपणे विचारण्याचा रोग्याला अधिकार आहे. सहा मिनिटे चालवून पाहण्याला तर लांबसा व्हरांडा आणि घड्याळ पुरते. बसल्या जागी ९८ दाखवणारा प्राणवायू चालल्यावर ८८ वर येतो, असे कडक फुप्फुसाच्या रोग्यांत दिसते. गोव्याबाहेर जाण्याचा विचारही याच टप्प्यावर करावा, आणि तोही आपल्या डॉक्टरांच्या पत्रासह.

धारगळला डिसेंबर २०२२ पासून आयुर्वेदाची मोठी केंद्रीय संस्था झाली आहे आणि पेडण्याचे पुष्कळ लोक तेथे जातात. अवश्य जावे, मात्र तिकडचे औषध इकडे सांगावे आणि इकडचे तिकडे. औषधे लपवणे फार महाग पडते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, काहींनी दमा बळावतो; हृदयाच्या, सांध्यांच्या आणि लघवीच्या संसर्गाच्या काही औषधांनी क्वचित फुप्फुसालाच इजा होते. म्हणून गोळ्यांची रिकामी पाकिटेसुद्धा पिशवीत घालून न्यावीत.

एक गोष्ट या सगळ्या शोधापेक्षा निराळी आहे. धाप एकाएकी लागली, ओठ निळे पडले, एक वाक्य पुरे बोलता येईना, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडले, एकच पाय सुजून धाप लागली, किंवा चिमट्यावरचा आकडा ९० च्या आसपास उतरला, तर तज्ज्ञ कोणता हा विचार करीत बसू नये. १०८ क्रमांक फिरवावा आणि रोग्याला आडवे न करता टेकून बसवावे.

इतर वेळी तयारीला एक संध्याकाळ पुरते. एक फाईल घ्यावी. पहिल्या पानावर स्वच्छ अक्षरात धाप केव्हा सुरू झाली, किती पावलांवर लागते, रात्री काय होते, आजपर्यंत कोणकोणते काम किती वर्षे केले आणि घरात चूल, पक्षी, ओल काय आहे, हे लिहावे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी घरातल्या शाळकरी मुलाने लिहावे. त्यामागे सर्व कागद तारखेप्रमाणे लावावेत. एक्स-रेचा नुसता अहवाल न नेता मूळ फिल्म न्यावी, जुनी असली तर ती अधिकच, कारण आजच्या डागाशेजारी पाच वर्षांपूर्वीची फिल्म धरली की डाग नवा की जुना हे डॉक्टरांना तेथल्या तेथे दिसते. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर तेही त्याच फायलीत ठेवावे, आणि बांबोळीला जाणाऱ्यांनी सकाळची पहिली बस धरावी.